'त्रिशूल' : टाकलेल्या मुलाचा हिशेब

सूडकथा ही आपल्याकडे गंभीर चर्चेच्या लायक समजली जात नाही. त्यातून ती हिंदी सिनेमातली असेल तर विचारूच नये. मुस्लिम मराठी साहित्यावर बोलायला बसलेला समीक्षक कथा, कादंबरी, गझल, फार तर लोकगीते विचारात घेतो. सलीम-जावेदचा एखादा चित्रपट त्याने साहित्यकृती म्हणून हाती घेतल्याचे आम्हाला आठवत नाही. आमच्या मते ही चूक आहे. बापाने टाकलेल्या मुलाच्या मनात काय साठत जाते आणि मोठेपणी ते कोणत्या वाटेने बाहेर पडते, याचा इतका थंड डोक्याने केलेला आलेख आपल्या कथा-कादंबऱ्यांत आम्हाला सापडलेला नाही. तो १९७८ साली आलेल्या 'त्रिशूल' या चित्रपटात आहे.

दिग्दर्शक यश चोप्रा, निर्माते गुलशन राय. पण आमचा विषय लेखक आहेत. कथा-पटकथा-संवाद सलीम-जावेदचे, गीते साहिर लुधियानवींची. या तिघांची नावे एका श्रेयनामावलीत एकत्र येणे हा धंद्याचा योगायोग खरा, तरी त्या योगायोगाने काय घडवले ते पाहण्यासारखे आहे.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. राजकुमार गुप्ता (संजीवकुमार) दिल्लीतल्या एका बांधकाम कंपनीत नोकरीला. शांतीवर (वहिदा रहमान) त्याचे प्रेम. आईच्या आग्रहापुढे मान तुकवून तो मालकाच्या मुलीशी लग्न करतो. शांती त्याच्या मुलाची आई होणार आहे, हे त्याला सांगून शहर सोडते. मुलगा विजय (अमिताभ बच्चन) मजुरीवर वाढतो, सुरुंग लावण्याचे काम करतो. आई गेल्यावर तो दिल्लीत येतो आणि स्वतःची ओळख न देता बापाच्या समोर धंदा उभा करतो.

इथे एक तपशील नजरेतून सुटता कामा नये. आपले एक मूल या जगात कुठेतरी आहे, हे बापाला पहिल्यापासून माहीत आहे. त्यामुळे पुढे तो जे काही करतो ते अज्ञानाच्या सबबीखाली झाकता येत नाही. मूल आहे हे माहीत असताना त्याने पंचवीस वर्षे त्याची चौकशी केली नाही, एवढाच त्याचा गुन्हा. आणि आरडाओरड न करता लेखकांनी तो पहिल्या काही मिनिटांत नोंदवून ठेवला आहे.

विजयचा सूड आम्हाला विचार करायला लावतो तो त्याच्या पद्धतीमुळे. हाती सुरा घेऊन बापाच्या छातीवर बसणारा हा नायक नव्हे. तो बापाच्या भाषेत बोलतो, आणि बापाची भाषा आहे व्यवहाराची: जमीन, निविदा, कंत्राट, मुदत. राजकुमारने प्रेम विकून धंदा घेतला होता, तेव्हा वसुलीही धंद्यातच व्हायची. खिशात दमडी नसताना तो बापाकडून पाच लाखांचा सौदा उचलतो, तोही गुंडांनी बळकावलेल्या जागेचा. जागा सोडवायला जाताना आधी रुग्णवाहिका बोलावून ठेवतो. प्रेक्षक तिथे टाळ्या वाजवतात. आम्हाला मात्र त्या दृश्यात एक थिजलेपण दिसते. स्वतःच्या जिवाचे काय होईल याची ज्याला फिकीर उरलेली नाही तोच असा हिशेबी असू शकतो.

मग तो एकेक वस्तू काढून घेत जातो. आधी कंत्राटे, मग आपल्याच विश्वासू सेक्रेटरीवर अविश्वास दाखवून बापाने घालवलेली गीता (राखी), मग घरातली माणसे. मुलगी कुसुम (पूनम धिल्लाँ) आणि तिचा प्रियकर (ही भूमिका आपल्या सचिन पिळगावकरांची) यांच्या प्रेमाला तो पाठबळ देतो. मुलगा शेखरही (शशी कपूर) बापाशी फटकून घराबाहेर पडतो. शेवटी राजकुमार मोठ्या घरात एकटा उरतो. एका बाईला आणि तिच्या पोटातल्या मुलाला त्याने जसे एकटे केले होते तसा. फेड तंतोतंत आहे, पै न पै. विजयला बापाची संपत्ती नको आहे. बापाला एकटेपणाची चव कळावी, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप.

गुपित कसे सांभाळले आहे तेही पाहा. प्रेक्षकाला सारे ठाऊक, मुलाला ठाऊक, ठाऊक नाही ते फक्त बापाला. मुलगा कंपनीला आईचे नाव देतो. शांती हे नाव पाटीवर आहे, कागदपत्रांवर आहे, बाजारात तोंडोतोंडी आहे, आणि राजकुमारला त्याचा अर्थ लागत नाही. हे नाव वाचून त्याने एकदा जरी थबकायला हवे होते, असे पाहणाऱ्याला वाटत राहते. रहस्यकथेत वाचक खुनी कोण याची वाट पाहतो. इथे एका माणसाला स्वतःची आठवण कधी येते याची वाट पाहावी लागते. ताण सारा त्यातून निर्माण होतो. त्यापुढे मारामाऱ्या किरकोळ आहेत.

आता त्या तिघांविषयी. साहिर, म्हणजे अब्दुल हयी, यांचा जन्म १९२१ साली लुधियान्याचा. वडील मोठे जमीनदार, अनेक लग्ने केलेले. आई सरदार बेगम नवऱ्याचे घर सोडून मुलाला घेऊन निघाली. मुलाच्या ताब्यासाठी दावा झाला, मुलगा आईकडे राहिला, आणि बाप त्याला पळवून नेईल या धास्तीत त्याचे बालपण गेले. साहिरने लग्न केले नाही. आई शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर होती. ती १९७६ साली वारली. 'त्रिशूल' त्यानंतर दोन वर्षांनी आला, आणि आणखी दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९८० मध्ये, साहिरही गेले.

जावेद अख्तर यांची आई सफिया अख्तर १९५३ च्या जानेवारीत गेली, मुलाचा आठवा वाढदिवस नुकताच झालेला असताना. वडील शायर जाँनिसार अख्तर भोपाळ सोडून मुंबईत. सफिया भोपाळला कॉलेजात शिकवून दोन मुलांना सांभाळत होती आणि नवऱ्याला पत्रे लिहीत होती. ती पत्रे पुढे 'हर्फ-ए-आश्ना' आणि 'ज़ेर-ए-लब' या नावांनी छापली गेली व उर्दूच्या पत्रवाङ्मयात त्यांना मानाचे स्थान मिळाले. आईनंतर मुलगा लखनौ, अलीगढ, भोपाळ असा नातेवाइकांच्या घरांतून वाढला. वडिलांनी दुसरे लग्न केले. १९६४ च्या ऑक्टोबरात तो मुंबईत आला आणि सहा दिवसांत वडिलांचे घर सोडून बाहेर पडला. सलीम खान यांचे वडील इंदूरला पोलीस खात्यात वरच्या हुद्द्यावर. आई क्षयाने आजारी, मुलांना तिच्याजवळ जाऊ देत नसत. सलीम नऊ वर्षांचे असताना ती गेली आणि पुढे काही वर्षांत वडीलही. २०२४ साली आलेल्या 'अँग्री यंग मेन' या माहितीपट मालिकेत दोघांच्याही बोलण्यात या आया पुन्हा पुन्हा येतात.

लेखकाच्या चरित्रातून कलाकृती उलगडण्याचा सोपा मार्ग आम्हाला पसंत नाही. सरदार बेगम म्हणजे शांती आणि जाँनिसार म्हणजे राजकुमार, असे समीकरण मांडणे हा दोघांवरही अन्याय होईल. सलीम खान यांचे वडील तर मुलांना टाकून कुठे गेलेही नव्हते. आमचे म्हणणे इतकेच की ज्या घरातून बाप निघून जातो, किंवा आई असूनही हाताला लागत नाही, त्या घरातल्या मुलाचे मन या लेखकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून विजय रडत नाही. हा तपशील अनुभवाचा आहे. टाकलेले मूल मोठे झाल्यावर बहुधा रडत नाही, ते चोख होते.

साहिरच्या गाण्याकडे या दृष्टीने पाहावे. मजुरी करणारी शांती मुलाला उद्देशून गाते ते, लता मंगेशकरांच्या आवाजातले, खय्यामची चाल असलेले गाणे. वरवर ती अंगाई वाटते, पण हिंदी सिनेमातल्या आईच्या गाण्यांत इतके कठोर गाणे दुसरे शोधावे लागेल. ही आई मुलाला चंद्र दाखवत नाही, राजकुमारी आणून देण्याचे वचन देत नाही. माझ्याबरोबर राहा आणि माझे काय होते ते पाहा, असे ती सांगते. तुला दयेच्या सावलीत वाढवणार नाही, असेही. सूडाची दीक्षा हीच. शांती तोंडाने कधी सूड माग म्हणत नाही. पण मुलाला साक्षीदार म्हणून वाढवणे आणि सूडासाठी वाढवणे यांत अंतर किती? हा प्रश्न साहिरने उभा केला आणि तसाच सोडून दिला. ज्याची आई त्याला बापापासून जपण्यात आयुष्य घालवून गेली होती त्या कवीने हे लिहावे, यात आम्हाला कृतज्ञता दिसते आणि तिच्या आड कुठेतरी थोडी तक्रारही. आईच्या दुःखाचे साक्षीदार होणे हे मुलाच्या पाठीवरचे ओझे असते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

साहिर या विषयाकडे दुसऱ्यांदा वळले होते. यश चोप्रांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'धूल का फूल' १९५९ चा. त्याची गीते साहिरचीच, संगीत एन. दत्ता म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक. त्यात जंगलात टाकून दिलेले मूल अब्दुल रशीद नावाचा म्हातारा उचलतो व वाढवतो. त्या म्हाताऱ्याच्या तोंडचे, मुलाला हिंदू-मुसलमान न होता माणूस हो म्हणणारे गाणे आपल्या सर्वधर्मसमभावाच्या सभांत आजही लावले जाते. आपल्याला त्या अब्दुलचाचाचा फार अभिमान! पण त्या चित्रपटात मुलाबद्दल सगळे बोलतात, मुलाला कुणी विचारत नाही. बाप तिथे न्यायासनावर बसलेला आहे. शेवटी मोठ्यांचा पश्चात्ताप होतो आणि मूल ज्याचे त्याला मिळते. एकोणीस वर्षांनी तेच मूल मोठे होऊन 'त्रिशूल'मध्ये आले आणि या खेपेला पश्चात्तापाची वाट पाहत बसले नाही.

बाप न्यायाधीश असण्याची कल्पना त्याआधीचीही आहे. १९५१ च्या 'आवारा'त ख्वाजा अहमद अब्बास आणि मराठी लेखक व्ही. पी. साठे यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला होता. डाकूने पळवून नेलेली गर्भवती बायको परत आल्यावर न्यायाधीश तिला संशयावरून घराबाहेर काढतो. मुलगा चोर होतो आणि एक दिवस बापाच्याच जिवावर उठतो. आई लीला चिटणीस, बाप पृथ्वीराज कपूर. अब्बासना समाजाविषयी काही सिद्ध करायचे होते, रक्ताने माणूस चोर होतो की परिस्थितीने. म्हणून 'आवारा'त मुलाच्या रागापेक्षा वादाचा मुद्दा मोठा आहे. सलीम-जावेदना काही सिद्ध करायचे नाही, आणि त्यांचा नायक अधिक खरा वाटतो तो यामुळे.

आणखी मागे गेलो तर मराठी वाचकाला कर्ण आठवेल. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) टाकलेल्या मुलाची व्यथा घराघरांत नेली. पण कर्ण कुंतीला सूड देत नाही, वचन देतो. उर्दू-फारसी परंपरेत वाढलेल्या लेखकाच्या पोटात दुसरीच एक गोष्ट असते: रुस्तुम आणि सोहराब. फिरदौसीच्या शाहनाम्यातला सोहराब बापाला न पाहताच वाढतो, त्याला शोधत निघतो, रणांगणावर दोघे एकमेकांना न ओळखता भिडतात आणि बाप मुलाला मारतो. दंडावरची खूण दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आगा हश्र काश्मिरींनी ही कथा उर्दू रंगभूमीवर आणली होती. 'त्रिशूल'मध्ये राजकुमार धंद्यातल्या या वैऱ्याला संपवण्याचे काम बलवंतवर (प्रेम चोप्रा) सोपवतो. तो वैरी आपला मुलगा आहे हे त्याला माहीत नसते. म्हणजे रुस्तुमने तलवार उपसली आहे. फरक एवढाच की इथे खूण वेळेवर दिसते आणि वार बाप स्वतःच्या अंगावर घेतो. जुन्या कथेत बापाला जन्मभर जिवंत राहून रडावे लागते. सिनेमाने त्याला मरून सुटू दिले.

आता एक अडचणीचा प्रश्न विचारायचा आहे. तीन मुस्लिम लेखकांनी मनातली ही आग गुप्ता आडनावाच्या घरात नेऊन का ओतली? बाजार हे एक उत्तर आहे, आणि ते खोटे नाही. पण मुस्लिम घर हिंदी सिनेमात नव्हते असेही नाही. 'चौदहवीं का चाँद' (१९६०), 'मेरे मेहबूब' (१९६३) यांसारख्या मुस्लिम सोशल चित्रपटांची सबंध शाखाच होती. त्या घरांत चिलमन होती, शायरी होती, अदब होता, गैरसमज होते. त्यांत बापाला जाब विचारणाऱ्या मुलाला जागा नव्हती. १९८२ च्या 'निकाह'ने तलाकचा प्रश्न उघडपणे मांडला, तोही स्त्रीच्या बाजूने. ज्या समाजाला पडद्यावर सतत तहजीबचा नमुना म्हणून उभे राहावे लागते, त्याच्या लेखकाला आपल्या घरातल्या बापाचा गुन्हा परक्या नावाखाली लिहावा लागतो, असे आम्हाला वाटते. अल्पसंख्य समाजाच्या लेखणीवरचा हा ताण आपल्यापैकी प्रत्येक लिहिणाऱ्याला परिचयाचा आहे. घरातले बाहेर सांगितले तर बाहेरचे त्याचे काय करतील, ही भीती काही काल्पनिक नाही.

मराठीत आपण ही भीती काही अंशी मोडली. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या, तेव्हापासून तलाकपीडितेचे दुःख मराठीत बोलले जाऊ लागले आणि पुढे आपल्या कथेत आले. या कथा आवश्यक होत्या आणि त्यांतल्या काही उत्तम आहेत. पण आमच्या वाचनात आलेल्या बहुतेक कथा एका ठरावीक जागी थांबतात: बाई मुलाचा हात धरून उंबरठ्याबाहेर पडते. मुलाचा हात हा तिथे तिच्या असहायतेचा पुरावा असतो. तो हात पुढे वाढतो, कमावता होतो, एक दिवस बापाच्या दुकानासमोर जाऊन उभा राहतो, हे पान आपण लिहिलेले नाही. आजोळी वाढलेला, मामाच्या पंक्चरच्या दुकानात बसणारा, ईदच्या दिवशी ईदगाहवर दोन सफा पुढे बसलेला बाप पाठमोरा पाहणारा मुलगा आपल्या मोहल्ल्यांत असतो, पुस्तकांत तो शोधावा लागतो.

कदाचित आपल्याकडे त्याच्यासाठी शब्दच नाही. बाप वारलेले मूल यतीम. त्याच्या डोक्यावर हात फिरवणे पुण्याचे, त्याच्या मालाला हात लावणाऱ्याबद्दल कुरआनात कडक ताकीद. खुद्द पैगंबरसाहेब यतीम होते, या जाणिवेने त्या शब्दाला एक आब आहे. टाकलेल्या बाईला मराठीने परित्यक्ता म्हटले. पण जिवंत बाप सोडून गेला त्या मुलाला काय म्हणायचे? कायद्याच्या चर्चेतही ते मूल तळटीपेसारखेच आले. शाहबानो निकालानंतरच्या १९८६ च्या कायद्याने घटस्फोटित स्त्रीला मुलासाठी मिळणारी तरतूद त्याच्या जन्मापासून दोन वर्षांपुरती ठेवली. त्या कायद्यामुळे मुलाचा स्वतःचा पोटगीचा हक्क संपत नाही आणि तो सज्ञान होईपर्यंत टिकतो, हे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. पुढे २०१७ चा निकाल आणि २०१९ चा कायदा आला, वृत्तपत्रांचे रकाने भरले. मुलाच्या मनात काय आहे हे विचारायला कुणी गेले नाही. ते साहित्याचेच काम होते.

विजय तर त्याहून अवघड जागी उभा आहे, कारण त्याच्या आईचे लग्नच झालेले नव्हते. अशा मुलाचा नसब शरीअतप्रमाणे आईकडे जातो, बापाच्या वारसात त्याला स्थान नाही. समाज त्याच्यासाठी जो शब्द वापरतो तो चित्रपटात विजय उचलतो आणि बापाकडे फेकतो: नाजायज मुलगा नसून बाप आहे, अशा अर्थाचे ते वाक्य. सलीम-जावेदचे पुष्कळ संवाद टाळ्यांसाठी आहेत. हे वाक्य मात्र आपल्या सगळ्या नैतिक शब्दकोशाला उलटे टांगते. कलंक जन्मणाऱ्याला लागत नाही, जन्माला घालून पाठ फिरवणाऱ्याला लागतो. आमच्या दृष्टीने चित्रपट तिथे संपायला हवा होता.

तो तिथे संपत नाही, हा त्याचा मोठा दोष. मुलगा बापाकडून घेतलेले सारे परत करतो, बाप त्याच्यासाठी गोळी झेलतो, सावत्र भावंडे गळ्यात पडतात, आणि कंपनीच्या पाटीवर शांतीचे आणि राजकुमारचे नाव शेजारी शेजारी येते. प्रेक्षकाला हुंदका येतो. पण शांतीला कुणी विचारले? जिने त्या माणसाचे एक पैसाही न घेता मूल वाढवले, ज्याच्याकडे मरेपर्यंत काही मागितले नाही, त्याच्या नावाला तिचे नाव जोडण्याचा अधिकार मुलाला कुणी दिला? बापाची एक गोळी आणि आईची पंचवीस वर्षे यांचा हिशेब पटकथेने बरोबरीचा धरला. दोन तास पै न पै मोजणारा विजय शेवटच्या पानावर बेरजेत इतका मोठा फरक सोडून देतो.